तेरा मंगळवार

अकरा पोती तीळ गाडीवर चढले होते आणि शेठ पैशाची वाट बघत होते.

दिवाळीच्या आधीचा मंगळवार होता. दाल बाजारात, आमच्या या उत्तरेकडच्या शहरातल्या धान्यबाजारात, त्या दिवसांत पाय ठेवायला जागा नसते. हमालांच्या पाठीवरचा घाम पोत्यांना लागून पोती ओली झाली होती. मी बायकोला, इंदूला, फोन लावला. पैशाचं सगळं तीच बघायची. कारखान्याचं खातंही तिच्याच नावावर. बाईच्या नावानं धंदा दाखवला तर कर्जाला सवलत मिळते असं बँकेतले साहेब म्हणाले होते, तेव्हापासून. मी तिळाची गजक कुटायची, तिनं हिशेब बघायचा, अशी आमची एकतीस वर्षांची वाटणी.

तीनदा तिनं फोन उचलला नाही. चौथ्यांदा उचलला तेव्हा साडेतीन वाजून गेले होते.

"अगं, शेठ थांबलेत. पाठव."

मागे पंखा फिरल्याचा आवाज येत होता.

"इंदू?"

"तीळ उतरवा," ती म्हणाली.

"काय?"

"पोती उतरवून घ्या, अहो. पैसे नाहीत."

मला वाटलं नेटवर्कची काही भानगड असेल. मी म्हटलं, बँकेत जाऊन ये मग. ती म्हणाली, "बँकेत पण नाहीत." आणि फोन ठेवला.

शेठ भला माणूस. तो म्हणाला, "मल्हाररावजी, तबियत तो ठीक है घर में?" मी म्हटलं, हो. मग हमालांना सांगितलं, उतारो. ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांचा मुकादम म्हणाला, "बाबूजी, चढ़ाई अलग, उतराई अलग." मी खिशातले होते ते दिले. गाडीवाल्यालाही काही द्यावं लागलं. अकरा पोती एकेक करून माझ्यासमोर उतरली. बाजूच्या दुकानातला नयाबाजारचा एक गजकवाला आपला माल घ्यायला उभा होता. त्यानं तीच पोती तिथल्या तिथे उचलली.

घरी चालत आलो. गुडघ्याला पट्टा होता तरी गुडघा दुखत होता.

आमचं घर नयाबाजाराच्या मागच्या गल्लीत. खाली कारखाना, वर दोन खोल्या. इंदू स्वयंपाकघरात पाटावर बसली होती. फोन पुढे जमिनीवर पालथा. ताट झाकलेलं होतं. मंगळवार असल्यामुळे ती जेवली नव्हती.

"कुठे गेले पैसे?" मी विचारलं.

"गेले."

"चोरीला?"

"नाही. मी घालवले."

मग तिनं सांगितलं. मला फार कळलं नाही. दोन वर्षांपूर्वी सोनिकानं, आमच्या मुलीनं, तिच्या फोनवर एक खातं उघडून दिलं होतं. दर महिन्याला थोडे थोडे बाजूला पडावेत म्हणून. त्याच खात्यात बाजूला दुसरंही काही होतं. बाजार वर जाणार की खाली, ते ठरवायचं आणि पैसे लावायचे. फोनवरचे व्हिडिओ बघून ती शिकली.

"म्हणजे शेअर?"

"शेअर नाही. शेअर राहतो तरी. हे राहत नाही. याला एक दिवस असतो, त्या दिवशी साडेतीनला ते मरतं. बरोबर निघालं तर दहाचे तीस. नाही निघालं तर साडेतीनला काहीच नाही."

"आणि माल कुठे असतो?"

"माल नसतोच."

ती म्हणाली, "चाशनीसारखं आहे हो ते. गरम आहे तोवर ओढता येते. वेळ गेली की दगड."

"मग वेळेत सोडायचं होतंस."

"रोज वाटायचं, अजून पाच मिनिटं."

पहिल्या महिन्यात तिला अकरा हजार मिळाले होते. माझ्या गुडघ्याचा पट्टा त्यातलाच. ती म्हणाली, "तुमचा गुडघा बघून मी सोचलं, दोन वर्षांत कुटणं बंद करू." पुढे थोडे जायचे, थोडे यायचे. मग नुसते जायला लागले. गेलेले परत आणायचे म्हणून तिनं हंगामाचे पैसे लावले. तिळाचे, गुळाचे, कारागिरांना आगाऊ द्यायच्या पेशगीचे, सगळे मिळून सव्वाचार लाख. त्यातले बरेच सहा आठवड्यांत गेले आणि उरलेले त्या दुपारी.

मी झाकलेल्या ताटाकडे बघत होतो.

"त्याला दिवस असतो म्हणालीस. कुठला?"

ती खाली बघत होती. "मंगळवार."

"आधी?"

"आधी गुरुवार असायचा. सप्टेंबरात बदलला."

दीड वर्ष इंदू गुरुवारी जेवत नव्हती. दुपारी साडेतीन, चारला काहीतरी तोंडात टाकायची. मी विचारलं होतं, व्रत धरलंस का? ती हो किंवा नाही काही म्हणाली नव्हती. मी गोरखीत राहणाऱ्या माझ्या थोरल्या बहिणीला, उषाताईला सांगितलं. उषाताईनं आणखी चार जणींना सांगितलं. गुरुवारी मी तिच्यासमोर बसून जेवायला संकोचायचो. कधी कधी मीही चहावर राहायचो. सप्टेंबरात ती मंगळवारी उपाशी राहायला लागली तेव्हा उषाताई म्हणाली, उद्यापन न करता व्रत बदलू नये. इंदू म्हणाली होती, करीन नंतर.

"म्हणजे ते व्रत नव्हतं," मी म्हटलं.

"घास उतरत नव्हता त्या दिवशी."

"मी सगळ्यांना व्रत सांगत फिरलो."

"मी कधी म्हटलं नाही व्रत. तुम्हीच म्हटलंत."

मी तिचा फोन उचलला. खाली कारखान्यात गेलो, फोन बंद करून गल्ल्यात ठेवला, कुलूप लावलं आणि किल्ली कमरेच्या करदोट्याला बांधली. वर आलो तेव्हा ती ताट तसंच ठेवून भिंतीला टेकली होती. मी एकटा जेवलो.

गजकेचा हंगाम चार महिन्यांचा. त्यात वर्ष काढायचं असतं. थंडी पडेपर्यंत तीळ घरात आला नाही तर त्या वर्षी कारखाना उघडायचा नसतो, आणि एक वर्ष उघडला नाही की गिऱ्हाईक दुसरीकडे जातं. आमच्याकडे तीन कारागीर असायचे. पेशगी मिळाली नाही म्हटल्यावर दोघं चार दिवसांत दुसरीकडे गेले. तिसरा दौलतसिंह. तो माझ्याबरोबर बावीस वर्षं गजक कुटायची मोगरी चालवतोय. त्याला मी खरं सांगितलं.

तो तंबाखू मळत होता. मळून झाल्यावर म्हणाला, "भाभीजी ने?"

"हो."

"हओ," तो म्हणाला. "घर बैठ के क्या करूँगा मालिक. आ जाऊँगा."

"हफ्त्याचा पगार वेळेवर मिळणार नाही."

"वो तो पहले भी कब मिलता था."

मी हसलो. त्या आठवड्यातलं तेवढंच हसणं.

इंदूनं पाटल्या काढल्या. तिच्या आईच्या होत्या. सराफ्यात ती एकटीच गेली, मला बरोबर येऊ दिलं नाही. आली तेव्हा हातात काचेच्या दोन दोन बांगड्या होत्या आणि मनगटावर पाटलीच्या जागी फिकट पट्टा. त्या पैशांत पाच पोती तीळ आणि गूळ आला. तीळ आणायला मी दुसऱ्या शेठकडे गेलो.

दिवाळी झाल्यावर भट्टी पेटवली. माणसं दोनच. दौलतसिंह आणि मी कुटायला. चाशनी ओढायला माणूस नव्हता. गूळ-साखरेची चाशनी तूप लावलेल्या फरशीवर ओततात. जरा निवली की गोळा करून भिंतीतल्या खुंटीवर टाकतात. मग दोन्ही हातांनी ओढायची, लांब आली की परत खुंटीवर टाकायची, परत ओढायची. तपकिरी असते ती ओढून ओढून पांढरी होते. आठ-नऊ किलोचा गोळा असतो आणि हातात धरवत नाही इतका गरम. हे काम तरण्या माणसाचं. इंदू अठ्ठावन्नची होती.

"मी ओढते," ती म्हणाली.

"तुला जमणार नाही."

"एकतीस वर्षं बघतेय. खुंटीच ओढायची आहे ना."

मी नको म्हणायला पाहिजे होतं. मी म्हटलं, "ओढ मग. कळू दे."

पहिल्या दिवशी तिच्या तळव्यांना फोड आले. दुसऱ्या दिवशी ते फुटले. तिनं हळद आणि तेल लावून वर चिंध्या बांधल्या आणि पदर खोचून उभी राहिली. ओढताना ती सगळं अंग मागे टाकायची, कारण दंडात जोर नव्हता. चाशनी लांब यायची, ती दोन पावलं मागे जायची, परत पुढे येऊन खुंटीवर टाकायची. दौलतसिंह म्हणाला, "भाभीजी, कमर से नहीं, कंधे से." ती म्हणाली, "भैया, कंधा कहाँ है अब." पण आठवड्याभरात तिला जमलं. चाशनी किती पांढरी झाली की उतरवायची, हे तिला आमच्यापेक्षा चांगलं दिसायचं.

भाजलेला तीळ आणि ओढलेली चाशनी एकत्र करून आम्ही समोरासमोर बसून कुटायचो. एक मोगरी माझी, एक त्याची. चौघांच्या मोगऱ्यांचा ताल असतो, दोघांच्या मोगऱ्यांना तो येत नाही. मध्ये जागा राहते. त्या जागेत दौलतसिंह बोलायचा.

"आपके पुरखे तलवार चलाते थे, आप मोगरी. कंधा तो दोनों में ही जाता है मालिक."

"तलवारवाल्याला पेन्शन होती."

"अरे, तो भाभीजी ने वही तो सोचा था," तो म्हणाला आणि जीभ चावली. इंदू खुंटीपाशी होती. तिची पाठ आमच्याकडे होती. तिनं हात थांबवला नाही.

दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी मंगळवार आला होता. इंदू जेवली नाही. मी विचारलं, "आता काय? फोन तर माझ्याकडे आहे."

"आता व्रत आहे," ती म्हणाली. "हे खरं आहे."

"आणि आधीचं?"

"आधीचं नव्हतं. हे आहे."

मला वाटलं, आता ही व्रताच्या आड तोंड लपवतेय.

मंगळवारी ती सकाळपासून फक्त पाणी प्यायची आणि खुंटी ओढायची. मी तिच्यावर लक्ष ठेवून असे. कारखान्यात भिंतीवर जुनं घड्याळ आहे. तीन वाजल्यापासून ती त्याच्याकडे बघायला लागायची. साडेतीन वाजले की हात धुवून वर जायची आणि मगच खायची. दुसऱ्या मंगळवारी मी विचारलं, "हे कुठलं व्रत साडेतीनला सुटतं? लोकांचं दिवेलागणीला सुटतं."

"माझं साडेतीनला सुटतं."

"सवय गेली नाही म्हण."

ती वर निघून गेली.

महिन्यातून दोन-तीनदा तिला सोनिकाशी बोलायचं असायचं. सोनिका इंदूरला असते. मी माझा फोन लावून द्यायचो आणि शेजारी उभा राहायचो. सोनिका म्हणायची, "आई, तू ठीक है ना? तुझा फोन का बंद येतो?" इंदू म्हणायची, "खराब झालाय गं. बाबा करून आणणारेत." मग फोन मला परत द्यायची, दोन्ही हातांनी, दुकानदाराला त्याची वस्तू परत करावी तशी. सोनिकाला काही सांगायचं नाही असं मीच म्हटलं होतं. उषाताईलाही बँकेत पैसे अडकलेत असंच सांगितलं होतं. उषाताई आली, इंदूला खुंटीवर बघून तिनं कपाळावर हात मारला.

"गुरुवारचं उद्यापन केलं नाहीस आणि मंगळवार धरलास. बघ आता. मी सांगत होते."

"हो ताई," इंदू म्हणाली.

"या मंगळवारांचं तरी नीट कर. मेहुण जेवायला घाल."

"घालणार आहे ताई. पुरे होऊ देत."

मी तिथेच होतो. मी मोगरी उचलली आणि कुटायला लागलो.

डिसेंबरात थंडी कडक पडली. धुक्यात सकाळी गल्लीचं दुसरं टोक दिसत नसे. माल चांगला जात होता. पाच पोत्यांचे पैसे आले, त्यातून परत तीन पोती घेतली. इंदूला चालताना धाप लागायची. मी म्हटलं, डॉक्टरला दाखव. ती म्हणाली, भट्टीचा धूर आहे, संक्रांतीनंतर बघू. मी दोनदा म्हटलं असेन. तिसऱ्यांदा म्हटलं नाही.

वर्षाच्या शेवटच्या मंगळवारी, तीनच्या सुमाराला, मी गुळाच्या ढेपा फोडायला अंगणात गेलो होतो. आत आलो तर खुंटीपाशी कोणी नव्हतं. लाकडाच्या ढिगामागून इंदूचा आवाज येत होता. दौलतसिंहाचा फोन तिच्या कानाला होता.

"अगं, पण ओटीपी इथे येत नाही ना. मग कसं होणार? आज झालं तर बरं, मंगळवार आहे."

मी फोन हिसकावला. पलीकडे कोण आहे तेही बघितलं नाही, बंद केला.

"कोणाशी बोलत होतीस?"

"सोनिकाशी. खातं बंद करायचं म्हणून..."

"बंद? सट्टेवाला कधी खातं बंद करतो? दौलतच्या फोनवरून करायला लागलीस आता?"

"अहो, खरंच बंद करायला. तिला विचारत होते कसं करायचं. ओटीपी माझ्या फोनवर येतो म्हणाली. तुमच्याकडे आहे फोन. द्या, तुमच्यासमोर करते."

"म्हणजे फोन हवाय."

"तुमच्यासमोर..."

"जुगारी बाई आहेस तू," मी म्हटलं. "आईच्या पाटल्या विकून अक्कल आली नाही."

दौलतसिंह मोगरी हातात धरून बसला होता. त्यानं मान खाली घातली आणि पुढ्यात तीळ नसताना फरशीवर एकदा मोगरी मारली. इंदूनं माझ्या हातातून फोन घेतला, पदरानं पुसला आणि त्याला नेऊन दिला. "थैंक्यू भैया," ती म्हणाली. मग खुंटीवरची चाशनी ओढायला गेली, पण ती निवून गेली होती. परत तापवावी लागली.

गल्ल्याची किल्ली माझ्याच कमरेला होती. फोन काढून सुरू केला असता तर दोन मिनिटांत सगळं दिसलं असतं. मी काढला नाही.

त्यानंतर दोन मंगळवार आले. एकाला ती माझ्याशी काहीच बोलली नाही. दुसरा भोगीचा होता.

संक्रांत बुधवारी होती, तेव्हा भोगी मंगळवारी आली. भोगीला उपास करत नाहीत. न खाई भोगी तो सदा रोगी, असं आमच्याकडे लहान मुलालाही पाठ असतं. इंदूनं पहाटे उठून तीळ लावून बाजरीच्या भाकऱ्या केल्या. वांगी, गाजर, ओला हरभरा, घेवडा घालून भाजी केली. लोण्याचा गोळा ठेवला. दौलतसिंहाला वाढलं. तो दोन भाकऱ्या जास्त खाऊन म्हणाला, "ये त्योहार हर हफ्ते क्यों नहीं आता मराठों में?"

ती हसली. खूप दिवसांनी हसली.

मी म्हटलं, "तुझं ताट?"

"साडेतीनला."

"आज भोगी आहे."

"माहीत आहे."

संक्रांतीची मागणी होती, खाली चाशनी तापत होती, डोकं तापलेलं होतं. मी तिचं ताट वाढलं. भाकरी, भाजी, लोणी. तिच्यासमोर ठेवलं आणि म्हटलं, "खा. आत्ता माझ्यासमोर खा. खाल्लंस तर तुझं खरं मानीन."

तिनं ताटाकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"खाल्लं तर खोटं होईल हो," ती म्हणाली. "साडेतीनपर्यंत थांबा. मग दोघं बरोबर बसू."

"मी थांबत नाही," मी म्हटलं. मी तिथेच बसून जेवलो. ती समोर बसून मला वाढत होती.

दुपारी दोन वाजून गेले होते. दिवसातली सहावी खेप होती. मी कुटत होतो, माझी पाठ खुंटीकडे होती. बांगडी फुटल्याचा आवाज आला. मग दौलतसिंह उठला, मोगरी टाकून. मी वळून बघितलं तेव्हा ती भिंतीला धरून खाली बसत होती. चाशनी खुंटीपासून तिच्या हातापर्यंत ताणलेली होती. ती तिनं सोडली नव्हती.

"काय होतंय?"

"काही नाही. पाणी..." ती म्हणाली. मी पाणी आणलं. तिनं भांडं तोंडाशी नेलं आणि घड्याळाकडे बघितलं.

आम्ही तिला ई-रिक्षात घालून हॉस्पिटलात नेलं. महाराज बाड्याच्या चौकात संक्रांतीची गर्दी होती, पतंग, तिळगूळ, सुगडी. रिक्षा अडकली. दौलतसिंह खाली उतरून लोकांना बाजूला सारत पुढे पळत होता. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. तिच्या हाताला चाशनी चिकटलेली होती, ती माझ्या सदऱ्याला चिकटली. पोचलो तेव्हा ती गेलेली होती. डॉक्टर म्हणाले, हृदय. मी विचारलं, उपाशी होती म्हणून का? ते म्हणाले, नाही, तसं काही नाही, आधीपासून असणार. दोन महिने आधी आणलं असतं तर, असंही म्हणाले. भिंतीवर घड्याळ होतं. तीन वीस.

संक्रांतीला आमच्या घरी तिळगूळ नव्हता, तीळ होता. क्रियेला गुरुजींनी तीळ मागितले. मी पोत्यातले मूठभर नेले. ते म्हणाले, "मल्हारराव, काळे लागतात." घरात तीन पोती तीळ आणि सगळे पांढरे. काळे विकत आणावे लागले.

खुंटीवरची चाशनी तशीच होती. चौथ्या दिवशी खाली गेलो तर दगड झाली होती, एका टोकाला तिच्या बोटांचे ठसे. दौलतसिंह म्हणाला, "क्या करूँ मालिक?" मी म्हटलं, काढ. त्यानं हातोडीनं फोडली. ती विकली नाही. ठसे असलेला तुकडा त्यानं वेगळा काढून माझ्याकडे दिला. तो मी डब्यात ठेवला. पण गूळ आहे, पावसाळ्यात पाणी सुटेल.

दहावा झाल्यावर सोनिकानं तिचा फोन मागितला. मी किल्ली दिली. तिनं फोन सुरू केला आणि बघत बसली.

"बाबा, आई ने आपको बताया था? ती खातं बंद करणार होती."

"बताया था."

"मैंने बोला था तिला, बाबांकडून फोन घे, ओटीपी सांग, दो मिनट का काम है. मग तिनं फोनच केला नाही."

"आणि खेळली किती?" मी विचारलं.

"क्या?"

"ऑक्टोबरनंतर. त्या दिवसानंतर."

तिनं फोन माझ्यासमोर धरला. मला वाचता येतं, पण चष्मा नव्हता. तिनं वाचून दाखवलं. शेवटचा सौदा चौदा ऑक्टोबर, तीन वाजून बारा मिनिटं. त्याखाली काही नव्हतं.

"कुछ भी नहीं केलं बाबा, त्यानंतर. एक भी नहीं."

मी खाली कारखान्यात गेलो. दौलतसिंह राहिलेला तीळ चाळत होता. मी त्याच्याजवळ बसलो.

"भाभीजी बोली थीं इक्कीस करूँगी," तो म्हणाला. "इक्कीस मंगल. जितने बजे पैसा गया, उतने बजे तक भूखी."

"मला का नाही सांगितलंस?"

"बोली थीं, वो मानें तो अपने से मानें."

त्यानं चाळणी झटकली. "मैं बोला, भाभीजी, मालिक गुस्से के हैं, मान जाएँगे. तो हँस के बोलीं, इक्कीस तक मान जाएँगे."

फेब्रुवारीत हंगाम संपला. दौलतसिंहाचा हिशेब पूर्ण केला. तीन पोत्यांतलं एक उरलं आहे. पुढच्या वर्षी कारखाना उघडेन की नाही ते ठरलेलं नाही. सोनिकानं खातं बंद करायचा अर्ज भरून ठेवलाय, मृत्यूच्या दाखल्यासह. त्यावर माझी सही हवी. तो गल्ल्यात आहे.

उषाताई मागच्या महिन्यात आली होती. म्हणाली, "अरे मल्हार, तिचं मंगळवारचं व्रत होतं. गेलेल्या माणसाचं व्रत अर्धं ठेवू नये. एखादं मेहुण जेवायला घाल, उद्यापन करून टाक."

मी म्हटलं, "पुरे झाले नाहीत ताई."

"किती झाले?"

मी बोटांवर मोजले होते आधीच. दिवाळीच्या दुसऱ्या दिवसापासून भोगीपर्यंत.

"तेरा," मी म्हटलं. "आठ राहिलेत."

"मग तू कर," ती म्हणाली.

मंगळवारी मी सकाळी चहा पितो आणि वाढून घेत नाही. पण दोनच्या सुमाराला उठतो आणि जेवतो. साडेतीनपर्यंत अजून एकदाही थांबता आलेलं नाही. आठ राहिले आहेत.